नाडीचा काच

रात्री अंथरुणं घालून झाली, की आई परकराची नाडी सैल करायची. तिच्या कमरेभोवती बोटभर रुंदीचा काळपट पट्टा होता. तिथली कातडी थोडी जाड, थोडी चकाकणारी. मी सात-आठ वर्षांची असेन. ‘दुखतं का गं?’ म्हणून विचारलं. ‘दुखत नाही, काचतं,’ ती म्हणाली आणि अंगठ्याने तो पट्टा चोळत राहिली.

दुखणं येतं आणि जातं. काच रोज त्याच जागी पडतो. कुणी मारलेलं नसतं, कापलेलं नसतं, नुसतं बांधलेलं असतं. आजीच्या वयाच्या बायका सासूच्या वागण्यालाही हाच शब्द वापरायच्या. ‘लई काच सोसला बाई तिनं,’ असं कुणाबद्दल बोलणं निघालं, की ऐकणाऱ्या बायका पुढे काही विचारत नसत. प्रत्येकीच्या कमरेला तो पट्टा होताच.

‘सासुरवास’ हा शब्द घ्या. त्यात सासर आहे आणि वास आहे, म्हणजे राहणं. दुःखाचं एक अक्षरही त्यात नाही. तोच ‘वास’ माहेराला लागला की माहेरवास होतो आणि जीव सुखावतो. शब्दाने काही केलेलं नाही. पिढ्यान् पिढ्या बायकांनी तिथे राहून त्याला हा अर्थ दिला. गी पॉतवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतून अशाच बायकांच्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पहाटेच्या अंधारात, घर झोपलेलं असताना, दगडाला सांगितलेलं मन आहे ते. घरातल्या माणसांना सांगण्याची सोय नव्हती.

हाल हा शब्द फारसी-अरबीतून आपल्याकडे आला. मुळात त्याचा अर्थ नुसती स्थिती. हिंदीत अजूनही ‘क्या हाल है’ म्हणून खुशाली विचारतात. मराठीत मात्र हाल म्हटले की ते वाईटच, इतके की कुत्रा खाणार नाही. पण हाल ‘होतात’. ते कुणी केले, हे वाक्यात यावंच लागत नाही. दुष्काळाने होतात, आजारपणाने होतात, पोरक्या पोराचे होतात. छळाचं तसं नाही. छळ म्हटला की छळणारा उभा राहतो. संस्कृतात छल म्हणजे कपट, फसवणूक. मराठीत येता येता त्याला दिवस आणि महिने चिकटले. एका थपडेला कुणी छळ म्हणत नाही. आणि त्रास, जो आज डासांचाही होतो आणि शेजारच्या लाउडस्पीकरचाही, तो मुळात भीतीचा शब्द, थरथरण्याचा. ती थरथर आता आपल्याला ऐकू येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका मुलीबरोबर पोलीस चौकीत गेले होते. हवालदार वयस्क, बोलायला सौम्य. ‘मारतात का?’ ‘नाही.’ ‘उपाशी ठेवतात?’ ती घुटमळली. ‘पीठ मोजून काढून देतात. बाकीचं कुलपात.’ ‘मग नेमकं काय करतात, ताई?’ ती हळूच म्हणाली, ‘काचतं हो.’ हवालदारांचं पेन थांबलं.

कायद्याने या सगळ्याला क्रूरता म्हटलं आहे. 1983 मध्ये दंड संहितेत 498अ हे कलम आलं; आता न्याय संहितेत तोच गुन्हा 85 आणि 86 या कलमांत आहे. शरीराबरोबर मनाच्या आरोग्याला होणारी गंभीर इजाही त्या व्याख्येत बसते, आणि ते बसवलं हे फार मोठं काम झालं. पण ‘क्रूर’ हा शब्द कच्च्या मांसाच्या, रक्ताच्या कुळातला. तो उच्चारला की डोळे आपोआप जखम शोधू लागतात. सासूला क्रूर म्हणणारी बाई मी अजून पाहिलेली नाही. क्रूर वाघ असतो, गोष्टीतला राजा असतो. कुलपाची किल्ली कमरेला खोचून देवळात जाणाऱ्या बाईसाठी तो शब्द तोंडात येतच नाही, आणि शब्द न आल्यामुळे तक्रारही वर्षानुवर्षं येत नाही.

हवालदारांनी शेवटी लिहिलं: शारीरिक व मानसिक छळ. कागद तिच्यापुढे सरकवला. ती ओठ हलवत वाचत होती. बोट ‘छळ’पाशी येऊन थांबलं.

‘काकू, हे माझंच आहे ना?’

मी हवालदारांकडे पाहिलं. ते म्हणाले, ‘खाली जागा आहे. लिहायचं असेल तर लिहा तुमच्या शब्दांत.’ तिने पेन घेतलं, बराच वेळ नुसतं धरून ठेवलं. मग वळणदार, शाळेतल्या अक्षरात एकच ओळ लिहिली: कणकेच्या डब्याला कुलूप असते.