विजयानंतरचा कारभार

राज्य मिळवणे वेगळे आणि कारभार चालवणे वेगळे, हा भेद मराठी भाषेने पूर्वीच नोंदवून ठेवला आहे. क्रांतीची कादंबरी मात्र बहुधा यातील पहिल्या क्रियेपाशीच थांबते. रॉबर्ट हाइनलाइनच्या ‘द मून इज अ हार्श मिस्ट्रेस’ (१९६६) या कादंबरीत चंद्रावरील वसाहत पृथ्वीच्या सत्तेतून मुक्त होते. पण विजयाच्या सुमारासच उठावाचा तत्त्वचिंतक प्राध्यापक मरण पावतो आणि उठावाचा मेंदू असलेला संगणक कायमचा मूक होतो. कथानकाच्या दृष्टीने ही शोकात्म घटना खरी. परंतु निवेदनाच्या दृष्टीने ती एक सोयही आहे. पुढच्या दिवसांचा जाब ज्यांना द्यावा लागला असता, ते दोघेही निघून गेलेले असतात.

किम स्टॅनली रॉबिन्सनने ही सोय नाकारली. त्याच्या मंगळविषयक त्रिधारेतील (१९९२-९६) पहिला उठाव २०६१ मध्ये चिरडला जातो, दुसरा २१२७ मध्ये यशस्वी होतो. आणि ‘ब्ल्यू मार्स’ या तिसऱ्या खंडात विजेते पॅव्होनिस मॉन्स या ज्वालामुखी पर्वतावर राज्यघटना लिहायला बसतात. जमीन, पाणी आणि हवा यांवर कोणाची मालकी असू शकते काय? मंगळाला मूळ रूपात राहू द्यावयाचे, की मनुष्याच्या श्वासाजोगे करावयाचे? विधिमंडळाचे एक सभागृह चिठ्ठ्या टाकून निवडण्याचे ठरते; पर्यावरणविषयक न्यायालयाला व्यापक अधिकार मिळतात. ही पाने तरुण वाचक बहुधा घाईने उलटतो. त्याला मंगळाच्या दऱ्या हव्या असतात, उपसमित्या नव्हेत. तोच वाचक आयुष्यात चार-दोन संस्थांच्या बैठकांना बसून झाल्यावर या प्रकरणाकडे परततो, तेव्हा त्यातील कंटाळा हा लेखनदोष नसून आशयाचाच भाग आहे, हे त्याच्या ध्यानात येते.

या आशयाचा भार नादिया चेर्निशेव्स्की या पात्रावर आहे. तिचे आडनाव ‘काय करावे?’ (१८६३) या रशियन कादंबरीच्या लेखकाचे; तिच्या सहचराचे, अर्काडी बोग्दानोव्हचे, आडनाव मंगळावर समाजवादी समाज कल्पिणाऱ्या ‘लाल तारा’ (१९०८) या कादंबरीच्या लेखकाचे. स्वप्न पाहणारा अर्काडी पहिल्या उठावातच मारला जातो. मागे उरते ती बांधकामात रमणारी, यंत्रांच्या सहवासात सुखी असणारी अभियंता. आणि कार्यकारी मंडळाचे अध्यक्षपद तिच्या इच्छेविरुद्ध तिच्याच गळ्यात पडते. मृताचे स्वप्न जिवंताच्या वाट्याला काम म्हणून येते. तिचे दुःख वियोगाचे आहेच. पण भिंत बांधून झाली की ती उभी राहते, घटना मात्र लिहून झाल्यावरही रोज उभी करावी लागते, ही जाणीव त्याहून खोल आहे.

तडजोडीची किंमतही कादंबरी लपवीत नाही. मंगळावर जादा सूर्यप्रकाश आणणारे अवकाशातील आरसे सॅक्स रसेल प्रतिपक्षाच्या समाधानासाठी हटवतो. येथे सलोखा शब्दांत नव्हे, तर उजेडात आणि उष्णतेत मोजला जातो.

अर्थात रॉबिन्सनने आपल्या पात्रांना काही सवलती दिल्या आहेत. पृथ्वी महापुराने हतबल झालेली आहे. मंगळवासी संख्येने थोडे, बहुतांशी सुशिक्षित आणि औषधोपचारांनी दीर्घायुषी आहेत. उर्सुला ले ग्विनच्या ‘द डिस्पझेस्ड’ (१९७४) मध्ये क्रांतीनंतरच्या समाजाला दुष्काळाला तोंड द्यावे लागते. तशी कसोटी या घटनाकारांची लागत नाही. उपाशी माणसांची सभा इतका वेळ चालली असती काय, हा प्रश्न उरतोच.

तरीही या कादंबरीने वाचकासमोर ठेवलेली अडचण खरी आहे. विजयाचे पान उत्कंठेने वाचून बैठकीचे पान गाळणारा वाचक आणि उठावात सामील होऊन सभेला गैरहजर राहणारा नागरिक यांच्यात फारसे अंतर नाही. गाळलेल्या त्या पानांवर निर्णय मात्र झालेलेच असतात.