एका यंत्राचे बारसे

बारशाला जावे आणि घुगऱ्या खाव्यात, यापलीकडे नामकरणाशी माझा संबंध नव्हता. पण धाकट्या भावाने आणि त्याच्या मित्राने एक यंत्र केले आणि "दादा, तू मराठी घेतलंयस ना? मग नाव तूच शोध," म्हणून ते काम माझ्या गळ्यात घातले.

आमच्याकडे शेतीची वीज आलटून पालटून एक आठवडा रात्रीची असते. वडील दोन वाजता बॅटरी घेऊन विहिरीवर जातात. वीज आली की मोटर सुरू करायची, पाणी तळाला गेले की बंद करायची, एवढेच हे यंत्र करते. त्याचा आराखडा कोणीही उतरवून घ्यावा, असा खुला ठेवायचे दोघांचे आधीच ठरले होते.

यंत्रात आर्दुइनो नावाचा सर्किट बोर्ड आहे. तो 2005 साली इटलीतल्या इव्रेआ गावी जन्मला. करणारी मंडळी ज्या बारमध्ये बसत, त्याचे नाव त्याला मिळाले. बारचे नाव 1002 साली राजा झालेल्या आर्दुइनोचे. या बोर्डाचा आराखडा सर्वांना मोकळा, नाव मात्र नोंदवून राखलेले! आराखडा वाटता येतो, मग नावाचीच एवढी जपणूक का, हे मला कोडे वाटले.

मी 'जागल्या' सुचवले. भाऊ खूश झाला. मित्र मात्र गप्प. मग हळूच म्हणाला, "आजोबांना विचारू या."

आजोबा पंच्याऐंशीच्या घरातले. त्यांनी यंत्र उलटेसुलटे पाहिले. "मानसाच्या जागी हे जागनार, लई ब्येस. पर ते नाव नगं. माजा बा गावचा जागल्या. त्या नावानं हाक आली की तापातनं उठून जायाचा. मी कंदील धरायचो."

मी मान खाली घातली. मला तो केवळ एक छान शब्द वाटला होता.

थोड्या वेळाने तेच म्हणाले, "हे जागलं की तुजा बाप झोपंल न्हवं? मग झोपंचंच नाव ठेवा की."

यंत्राचे नाव आम्ही 'नीज' ठेवले. आराखडा कोणालाही देता येतो; नाव मात्र आधीच कोणाच्या तरी कानात वाजत असते.

परवा रात्री दोन वाजता मोटरचा आवाज आला. मी उठून पाहिले. वडील घोरत होते.