औट हाताचं दार

लाकूड जळत नसेल, कुऱ्हाडीने तुटत नसेल आणि त्यावर पाय ठेवला की दगडासारखा आवाज येत असेल, तर त्याला लाकूड म्हणायचं का? हा प्रश्न मला माझ्या अकोल्याच्या नातवाने घातला. मी आयुष्यभर पोरांना कोडी घालत आले, आता पोरं मला घालतात. चालायचंच.

मंडळी, आज एका मोबाईलवरच्या खेळाबद्दल लिहिणार आहे. माझ्या वयाच्या वाचकांनी एवढ्यावरच पान बंद करू नये, दोन-चार परिच्छेद दम धरावा. लहान वाचकांना यातलं बरंच माहीत असेल, त्यांनी मास्तरणीकडून ऐकण्याची सवय म्हणून ऐकावं.

खेळाचं नाव माइनक्राफ्ट. स्वीडनमधल्या मार्कस पर्सन नावाच्या माणसाने तो केला आणि २००९ च्या मे महिन्यात लोकांसमोर ठेवला. त्यात जिंकणं-हरणं असं फारसं नाही. सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं, एक ठोकळा म्हणजे एक मीटर. ठोकळे खणायचे, त्यांच्यापासून वस्तू करायच्या, घरं बांधायची. आपण लहानपणी ओल्या मातीत खोपे करायचो ना, तसंच. फरक इतकाच की हा खोपा पावसात वाहून जात नाही, दहा वर्षांनी उघडला तरी तिथेच असतो. पण खेळ करणारे दर वर्षी त्यात बदल करतात, नवी आवृत्ती काढतात. पाठ्यपुस्तक बदललं की आम्हा शिक्षकांची जी त्रेधा उडायची, तीच इथेही आहे. जुन्या धड्यावर काढलेल्या नोट्सचं काय करायचं?

तर ते लाकूड. या खेळात अर्ध्या उंचीचा ठोकळा असतो, आपण फरशी किंवा लादी म्हणू. सुरुवातीला लाकडी लादी केली ती दगडी लादीचाच एक प्रकार म्हणून, फक्त वरून लाकडाचं चित्र चिकटवलं. त्यामुळे ती दिसायची लाकडी आणि वागायची दगडासारखी. आगीत जळायची नाही. २०१२ च्या ऑगस्टमधल्या आवृत्तीत ही गफलत दुरुस्त झाली आणि खरी, जळणारी लाकडी लादी आली. पण तोवर जगभरच्या पोरांनी त्या जुन्या लाद्यांनी छपरं, जिने, माड्या बांधून टाकल्या होत्या. त्यांचं काय?

त्यांना हात लावला नाही! जुनी लादी होती तिथे, होती तशी राहू दिली. नव्याने मात्र ती करता येत नाही, कुठे खणून सापडत नाही. खेळाच्या आत आज्ञा लिहून मागवता येते म्हणतात, पण त्यात काही राम नाही, ते कॉपी करून पास होण्यासारखं. २०१८ मध्ये तिला स्वतंत्र नावही मिळालं, अश्मीभूत ओक लादी. म्हणजे लाकडाचा दगड झालेली. नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी होती.

मला जास्त आवडलं ते यामागचं कारण. नातवाने समजावलं ते असं. त्या काळी खेळाच्या वहीत चित्रं नसायची, आकडे असायचे. या जागी अमुक नंबरचा ठोकळा, त्या जागी तमुक. त्या नंबराचा अर्थच बदलून टाकला, तर कोणाच्या तरी घराचं छप्पर एका रात्रीत जळाऊ होईल. नंबर खोडून टाकला तर छपराला भोक पडेल. म्हणून निरुपयोगी झालेला नंबरही सांभाळायचा. कारण त्या नंबरावर कोणीतरी घर बांधलेलं आहे.

हे ऐकताना मला औटकी आठवली.

मी पहिलीत गेले १९५७ साली. त्याच वर्षी १ एप्रिलला नवे पैसे आले. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे झाले. मागोमाग शेर-मण जाऊन किलो आले. पण आमच्या गुरुजींना हे कोणी सांगितलंच नव्हतं की काय, कोण जाणे! ते आमच्याकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकून घेत राहिले. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. एक औट साडेतीन, दोन औट सात. आणे-पै आणि शेर-छटाकाच्या हिशेबाला हे पाढे लागत. हिशेबच बदलला, तसे पाढे गेले. मी स्वतः शिक्षिका झाले तेव्हा कोणालाही औटकी शिकवली नाही, अभ्यासक्रमातच नव्हती.

पण औट गेला का? चार दिवस टिकलेल्या सरकारला आजही वर्तमानपत्रं ‘औटघटकेचं राज्य’ म्हणतात. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्यालाही बहुतेक वेळा ठाऊक नसतं की औट म्हणजे साडेतीन. भाजी औट रुपयाला कोणी घेत नाही. नवा शब्द त्याच्यापासून कोणी घडवत नाही. तो त्या एका वाक्प्रचारात चिणलेला आहे, आणि काढला तर वाक्प्रचार पडेल, म्हणून आहे. आमच्या वर्णमालेतला ऌ तसाच. सगळ्या मराठीत तो शोधायला गेलात तर ‘क्लृप्ती’ या एका शब्दापाशी भेटेल. त्याचा दीर्घ भाऊ ॡ तर कुठल्याच शब्दात नाही, जोडी पुरी करायला ठेवलेला. वर्गात मुलं विचारायची, बाई, हा कशाला? मी म्हणायची, पंगतीत एखादं पान जास्त मांडतात तसं.

आणि आपल्या वऱ्हाडात खंडी आहेच की. शेतकऱ्याचा कापूस बाजारात क्विंटलने मोजतात, पण सरकी काढून रुई झाली की व्यापारी भाव सांगतो तो खंडीचा. खंडी म्हणजे ३५६ किलोच्या आसपास. हा आकडा किलोच्या जगात कोणी मुद्दाम ठरवेल का? पण कापसाचा अख्खा व्यापार, सौदे, जुने भाव, नवे भाव सगळं त्या मापावर उभं आहे, म्हणून मेट्रिक येऊन साठ वर्षं उलटली तरी ती हललेली नाही. उलट २५ पैशांचं नाणं बघा. ३० जून २०११ ला चलनातून गेलं आणि कोणाचं काही अडलं नाही. त्याच्यावर काही उभंच नव्हतं राहिलं.

(अमरावतीहून अकोल्याला जाताना मूर्तिजापूर लागतं. तिथे आपल्या शकुंतलेचे अरुंद रूळ. एक यवतमाळला, एक अचलपूरला. विलायती कंपनीची गाडी, देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं त्यात ही तेवढी राहून गेली. आता कित्येक वर्षांत धावलेली नाही. तिच्यावर स्वतंत्र लिहायचं आहे, इथे शिरले तर बाहेर निघायची नाही.)

असो. आता मूळ गोष्टीकडे येते, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

माझे दोन्ही नातू सुटीत अमरावतीला यायचे. आमचं अंबागेटच्या आतलं जुनं घर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलंय. २०१५ च्या उन्हाळ्यात त्या दोघांनी एका टॅबवर, या खेळात, ते घर बांधायला घेतलं. मोबाईलवर तेव्हा या खेळाची छोटी आवृत्ती होती, पॉकेट एडिशन. आमचे हे आधी नुसते लांबून बघत, मग खुर्ची ओढून बसले, आणि दोन दिवसांत मुकादम झाले. ओटा इतका, जिन्याच्या पायऱ्या इतक्या, माडीचा कठडा असा. मापं सगळी हातात आणि वितीत. पोरांनी गणित बसवलं की अर्धा ठोकळा म्हणजे जवळजवळ एक हात. बसतंही ते, एक हात साधारण ४६ सेंटीमीटर आणि अर्धा ठोकळा ५०. म्हणून सगळं घर लाद्यांचं.

देवघराशी भांडण झालं. पोरांनी दार दोन ठोकळे उंच केलं होतं. हे म्हणाले, “अबे पोट्टेहो, देवघराचं दार एवढं उच्चं असते काय? औट हात पायजे. मान वाकवल्याबिगर देवाम्होरं जाता येते काय?”

“आबाजी, औट म्हणजे किती?”

“साडेतीन. एवढंबी शिकवत नाही तुमच्या कॉन्व्हेंटात?”

साडेतीन हात म्हणजे १.६ मीटर. खेळात ते दीड ठोकळाच होऊ शकत होतं. पोरांनी केलं, आणि मग लक्षात आलं की खेळातला माणूस त्या दारातून आत जाऊच शकत नाही. तो जवळजवळ दोन ठोकळे उंच. वाकून आत शिरणंही त्याला जमेना. मोठा म्हणाला, आबाजी, दार वाढवू. हे म्हणाले, दार नाही वाढायचं, माणूस वाकला पायजे. आणि दार तसंच राहिलं.

अंगणात तुळशीचा ओटा. त्याच्या मधोमध पोरांनी एक निळसर ठोकळा बसवला, नेदर रिॲक्टर कोर. सहा लोखंडी लगडी आणि तीन हिरे घालून तो करावा लागे. त्याचं काम वेगळंच होतं. कॉम्प्युटरवरच्या खेळात २०१० पासून ‘नेदर’ नावाचं एक पाताळ होतं, पण मोबाईलच्या खेळात ते दुसरं जग काही तेव्हा बसवलं नव्हतं. म्हणून ही सोय केली. या ठोकळ्याभोवती सोनं आणि दगड ठराविक पद्धतीने रचून त्याला स्पर्श केला की भोवती पाताळाचा एक मनोरा उभा राही आणि तिथल्या वस्तू थोडा वेळ पडत. पोरांनी तो चालवला नाही, घरातली सगळ्यात महागाची वस्तू म्हणून तुळशीपाशी ठेवला. त्याच वर्षी सप्टेंबरात मोबाईलवर खरं पाताळ आलं आणि रिॲक्टरचं काम संपलं. तो करता येणं बंद झालं. ज्यांच्याकडे आधीचा होता त्यांच्याकडे तो राहिला, पण मुका.

२०१७ मध्ये हे गेले. २०१९ मध्ये घर पाडलं. भावकीचा निर्णय होता, जागेवर आता चार मजले आहेत आणि त्यातला एक फ्लॅट माझा, लिफ्ट आहे, गुडघ्यांना बरं. तक्रार नाही. पण जुन्या घराचे फोटो काढले असतील ते लग्नकार्यातले, सगळ्यांत माणसं पुढे आणि घर मागे. जिन्याचा एकही धड फोटो नाही. देवघराच्या दाराचा तर नाहीच. नीट मापात असलेलं ते घर आता एकाच ठिकाणी आहे, त्या टॅबवर.

आणि टॅब आता मरायला टेकलाय. वायर लावल्याशिवाय सुरू होत नाही. गेल्या दिवाळीत धाकटा म्हणाला, आजी, ते घर मी लॅपटॉपवर हलवतो. पण नव्या आवृत्तीत जुनं जग उघडलं की काय टिकेल याची खात्री नाही. तुळशीतला तो ठोकळा राहील का? तो गेला तर पुन्हा करताच येणार नाही. मी म्हटलं, मूळ प्रत तशीच ठेव, नकलेवर प्रयोग कर. त्याला हे आधीच माहीत होतं, पण आजीने सांगितलं म्हणून मान डोलावली. गुणी आहे.

फोल्डर उतरवायलाच दोन तास गेले, टॅब मध्येच तीनदा बंद पडला. मग लॅपटॉपवर जग उघडलं. ओटा होता. जिना होता, सतरा पायऱ्या, मी मोजल्या. माडी होती. तुळशीपाशी तो निळसर ठोकळा होता. नातवाने त्याला क्लिक करून पाहिलं, काही झालं नाही. व्हायचं नव्हतंच.

मग तो देवघरापाशी गेला आणि थांबला. म्हणाला, “आजी, थांब हां. आता वाकता येते.” कॉम्प्युटरच्या आवृत्तीत २०१९ पासून आणि मोबाईलवाल्या आवृत्तीत २०२३ पासून खेळातला माणूस वाकला की दीड ठोकळ्याचा होतो. त्याने बटण दाबलं. माणूस वाकला आणि दारातून आत गेला.

आत भिंतीला एक मशाल होती. या खेळातल्या मशाली विझत नाहीत. धाकट्याला काही आठवेना, आत तर कोणी कधी गेलंच नव्हतं. बंगळुरूला मोठ्याला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, तरी उचलला. म्हणाला, वरची लादी बसवायच्या आधी मीच लावली होती, आबाजी म्हणाले होते देवघरात दिवा पायजे.