उरलेला वेळ

तर्काला घड्याळ नसतें, अशी माझी जुनी समजूत. सर्व माणसें मर्त्य आहेत आणि सॉक्रेटिस माणूस आहे, एवढें मान्य केलें कीं निष्कर्ष सकाळींहि खरा आणि संध्याकाळींहि खरा. म्हणूनच १९७२ च्या सुमारास मार्सेय येथें आलँ कोल्मेरोएर आणि फिलिप रूसेल यांनीं घडविलेली 'प्रोलॉग' ही संगणकाची भाषा मला या वयांत आवडूं लागली. तिच्यांत विधानें मांडावयाचीं आणि प्रश्न विचारावयाचा. वाट चुकली तर ती मुकाट्यानें मागें येते, केलेलीं गृहीतें पुसते आणि दुसरी वाट धरते.

परवां रात्रीं एका कोड्याला मीं दहा सेकंदांची मुदत घातली. उरलेला वेळ विचारण्याची सोय प्रमाण प्रोलॉगमध्यें नाहीं. म्हणून सी भाषेंतील 'गेटआयटायमर' या क्रियेशीं तिची सांगड घातली. युनिक्स पद्धतीच्या संगणकांत प्रत्येक प्रोग्रॅममागें अशीं तीन घड्याळें असतात. पहिलें भिंतीवरच्या घड्याळासारखें अखंड चालतें. दुसरें प्रोग्रॅम स्वतः राबेल तेवढाच वेळ मोजतें. तिसरें यंत्रणेनें त्याच्यासाठीं उपसलेले कष्टहि त्यांत धरतें. कोडें चालूं असतांना मीं पहिल्याला विचारलें. उत्तर आलें, सात. थोड्या वेळानें तोच प्रश्न, उत्तर पांच. दोन्ही उत्तरें खरीं! प्रोलॉगनें मागें फिरून सारीं गृहीतें पुसलीं. गेलेले सेकंद मात्र तिला परत आणतां आले नाहींत.

इतक्यांत शेजारच्या खोलींतून वडिलांनीं हांक मारली. "आलोंच हं अण्णा, पांच मिनिटांत!" मी म्हणालों. गेलों तेव्हां त्यांचा डोळा लागला होता. चष्मा तसाच, छातीवर वर्तमानपत्र. एक बातमी त्यांना मला वाचून दाखवावयाची होती, असें पत्नीनें सांगितलें.

माझ्या दुसऱ्या घड्याळांत तीं मिनिटें चोख भरलीं होतीं. तिसऱ्याचा हिशेब, म्हणजे माझ्या शिक्षणापायीं या माणसानें उपसलेले कष्ट, मीं कधीं मांडलाच नव्हता.

'गेटआयटायमर' दोन आंकडे देतें: उरलेला वेळ, आणि तो संपल्यावर पुन्हां भरावयाचा वेळ. दुसरा शून्य असेल तर घड्याळ एकदां संपून थांबतें. माझ्या पडद्यावर तो शून्यच होता.

सकाळीं चहाच्या वेळीं मीं अण्णांना ती बातमी वाचावयास सांगितली. मला ती ठाऊक होती. तरी शेवटच्या ओळीपर्यंत ऐकली.