खालचा कढीपत्ता

सिंगापूरला आले तेव्हा नवव्या मजल्यावरची एक खोली परवडली, एवढंच सुख होतं. इथले बहुतेक लोक राहतात तशाच सरकारी एचडीबी इमारतीत. १९६० पासून हे मंडळ घरं बांधतंय. माझ्या वाट्याला बाल्कनी नाही. तळमजला मात्र मोकळा, त्याला 'व्हॉइड डेक' म्हणतात. त्यापलीकडे रहिवाशांनी लावलेली बाग: मिरच्या, पानदान आणि माणूसभर उंच कढीपत्ता.

पोह्यांसाठी मी रात्री जाऊन तो ओरबाडायचे. सार्वजनिक जागेतलं झाड म्हणजे सगळ्यांचंच की, अशी स्वतःची समजूत घालून. तिसऱ्या खेपेला मागून आवाज आला, "म्हणजे चोर तू आहेस तर!"

एक तमिळ आंटी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने नुसती फांदी हातात धरली. "पानं ओरबाडू नकोस. काडी काप, तिथून दोन फुटतात." नवरा गेला त्या वर्षी तिने ते झाड लावलं होतं.

गेल्या महिन्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. सकाळी सातला ती चौथ्या मजल्याच्या कॉरिडॉरमधून वाकून बघते. परवा मला जाग आली नाही, तर तिचाच फोन. "बरी आहेस ना?"

दोन वर्षांत, मी दिसले नाही म्हणून या शहरात कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. "आलेच," म्हटलं आणि चपला घालून खाली पळाले.