कोहळ्याचा दुसरा घाव

घरात खाणारे तोंड एक आणि परसात कोहळे साडेअकरा किलोंचे, असा प्रसंग फार थोड्या गृहस्थांवर आला असेल. आमच्यावर तो यंदा भाद्रपदात आला. पुण्यामुंबईकडील वाचक ज्याला लाल भोपळा म्हणतात, त्यालाच आम्ही नागपूरकर कोहळे म्हणतो, हे आरंभीच सांगून ठेवतो. नाही तर आम्ही पेठ्याच्या पांढऱ्या कोहळ्याविषयी लिहीत आहोत, असा गैरसमज व्हावयाचा.

महालातील आमचे घर जुने, परस लहान. दरवर्षी मृगाचा पहिला पाऊस पडला की आमची पत्नी राखेत घोळून ठेवलेल्या बिया काढी आणि न्हाणीमागच्या आळ्यात लावी. वेलाला पिवळी फुले येऊ लागली की ती सकाळी लवकर उठून एक नरफूल खुडी आणि ते मादीफुलात हलकेच फिरवी. या वेलावर नर व मादी अशी फुले वेगवेगळी असतात, आणि मादीफुलाच्या तळाशी इवलेसे फळ आधीपासूनच असते, हे तिनेच आम्हांस दाखविले होते. मात्र त्या वेळी आमचे अर्धे लक्ष वर्तमानपत्रात होते.

गतवर्षी ज्येष्ठात ती गेली. त्या वर्षी वेल लागला नाही. यंदा मृग लागल्यावर फडताळात काहीतरी शोधीत असता बियांची डबी हाती आली. आम्ही चार बिया आळ्यात टाकल्या आणि विसरून गेलो. फुले कधी आली, फळ कधी धरले, हे आम्हांस ठाऊक नाही. जे काम ती हाताने करी, ते मधमाश्यांनी केले असावे. भाद्रपदात पाने पिवळी पडून गळू लागली, तेव्हा त्यांच्या आडून हा ऐवज प्रकट झाला. रद्दीवाल्याच्या काट्यावर त्याचे वजन करून घेतले, तेव्हा रद्दीवालाही चकित झाला.

आमची कन्या विलायतेत असते. तिला दूरध्वनीवरून ही वार्ता सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, आमच्याकडे हे दर उन्हाळ्यात होतं." तिकडे याच कुळातील कूर्जेट नावाची, काकडीसारखी दिसणारी एक फळभाजी घरोघर लावतात. ती वीतभर असतानाच खुडावी लागते. घरची मंडळी आठ दिवस गावाला गेली की ती झाडावरच फुगते. साल जाड होते, बी वाढते, चव पाणचट होते. मग तिला मॅरो असे निराळे नाव देतात आणि पोटातला गर काढून, त्यात सारण भरून, भट्टीत भाजतात. शेजारी वाटावयास जावे, तर शेजाऱ्याच्या घरीही तीच रास! आपल्या कोहळ्याचा स्वभाव उलट आहे. कूर्जेट वाढते तसे बिघडते, कोहळे वाढते तसे पिकते. साल टणक झाल्यावर देठासकट उतरवून कोरड्या जागी ठेवले, तर ते दोनतीन महिने सहज राहते. म्हणून मोठ्या कोहळ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र एकदा कापले की ते फार दिवस थांबत नाही. खरा प्रश्न कापण्याचाच असतो.

आणि कापण्याविषयी आमच्याकडे एक कडक नियम आहे. अखंड कोहळ्यावर बाईमाणसाने पहिला घाव घालावयाचा नाही. तो पुरुषाने घालावयाचा. बळीच्या ठिकाणी कोहळा फोडण्याची वहिवाट आहे, त्यातून हा नियम आला असे म्हणतात. वस्तुतः संस्कृतातील कूष्मांड म्हणजे पांढरा कोहळा, आणि कोहळा हा शब्दही त्या कूष्मांडावरूनच आला. तांबडे कोहळे मूळचे अमेरिका खंडातले. १४९२ मध्ये कोलंबस तिकडे पोहोचल्यानंतरच ते उरलेल्या जगात पसरले. परंतु या परक्या पाहुण्याने आमच्या प्रांतात पांढऱ्याचे नावही घेतले आणि मानही घेतला.

या नियमाने आम्हांस ४१ वर्षे मोठी प्रतिष्ठा दिली. महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्यांची तयारी असो वा पितृपक्ष असो, स्वयंपाकघरातून हाक येई, "अहो, जरा घाव घालता का?" आम्ही उठत असू, कोहळ्यात सुरा रोवीत असू, तो तिच्या हाती देत असू आणि पुन्हा आरामखुर्चीत येऊन बसत असू. या बळावर स्वयंपाकात आमचीही मदत असते, असे आम्ही मित्रमंडळीत सांगतही असू.

यंदा अविधवा नवमीला तिचे पहिले श्राद्ध होते. त्या दिवशी पानात कोहळ्याची भाजी हवीच, आणि तिने जपलेल्या बियांचे कोहळे घरात असता बाजारातून फाक आणणे आम्हांस रुचेना. आदल्या दिवशी पाटावर कोहळे ठेवले आणि सवयीप्रमाणे पहिला घाव घातला. घातल्यावर क्षणभर तसेच थांबलो. सुरा घ्यावयास हात पुढे येईल, अशी मनाची समजूत ४१ वर्षांत इतकी पक्की झाली होती. मग ध्यानात आले की दुसरा घावही आपणांसच घालावयाचा आहे.

वाचकहो, दुसरा घाव पहिल्याहून पुष्कळ कठीण असतो. सुरा गरात रुतून बसतो, साल बधत नाही, अर्धे फळ पाटावरून निसटते. पोटातले धागे आणि बिया काढता काढता मनगट भरून येते. हे सारे ती उकाड्याच्या दिवसांत, चुलीशी बसून, पंधरा पानांसाठी करीत असे, आणि तिने त्याविषयी अवाक्षर काढल्याचे आम्हांस स्मरत नाही. की काढले होते, आणि आम्ही वाचीत होतो?

शेजारची सूनबाई आवाज ऐकून आली. "काका, पहिला घाव झाला ना? आता द्या माझ्याकडे," असे ती म्हणाली. आम्ही तिला हात न लावता केवळ सांगत राहण्याची विनंती केली. तिने प्रथम कच्च्या फोडीचा कण जिभेवर ठेवावयास लावला. या कुळातील फळ क्वचित कडू निघते. तो कडूपणा विषारी असतो आणि शिजवूनही जात नाही. २०१० साली दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला होता. तेव्हा कण कडू लागला तर सारे फळ टाकून द्यावे, लोभ धरू नये. आमचे कोहळे गोड होते.

तिने सांगितलेली बाकरभाजी अशी. फोडी सालासकट कराव्या, म्हणजे त्या मोडत नाहीत. तेलात मोहरी, मेथीदाणे, हिंग व हळद घालून फोडी टाकाव्या आणि झाकणावर पाणी ठेवून वाफ आणावी; आत पाणी घालू नये. खसखस, तीळ व सुके खोबरे निरनिराळे भाजून कुटावे. चारोळी अखंड ठेवावी. फोडी बोटचेप्या झाल्या की हा बाकर, तिखट, काळा मसाला, मीठ, थोडा चिंचेचा कोळ आणि गूळ घालून एक वाफ द्यावी. चिंच आधी घातली तर फोडी शिजत नाहीत, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

कोहळ्याच्या बोंडांसाठी २ वाट्या किसाला १ वाटी गूळ घेऊन मंद आचेवर शिजवावा. तो पूर्ण निवल्यावर वेलची, चिमूटभर मीठ आणि मावेल तेवढी कणीक मिसळून अर्धा तास ठेवावे आणि बोंडे मंद आचेवर तळावी. आम्ही आच मोठी ठेवली. गूळ लवकर करपतो, म्हणून पहिला घाणा बाहेरून काळा व आतून कच्चा निघाला. तो आम्हीच खाल्ला. उरलेल्यापैकी थोड्या फोडी वाफवून, दही व हिरवी मिरची घालून, वरून तुपाजिऱ्याची फोडणी देऊन भरीत केले. टणक साले चिरून, परतून, तीळ व सुक्या मिरच्यांबरोबर कुटली, तर चटणी उत्तम होते.

इतके करूनही निम्म्याहून अधिक कोहळे शिल्लक होते. त्याच्या फाका करून आळीतील नऊ घरी आम्ही स्वतः नेऊन दिल्या. तिच्या पश्चात त्यांपैकी कित्येक उंबरठे आम्ही ओलांडलेच नव्हते. प्रत्येक घरी तिची एकेक आठवण निघाली. काही आम्हांसही ठाऊक नव्हत्या.

नवमीला शेजारची सूनबाई सवाष्ण म्हणून जेवावयास बसली. तिने बोंड मोडले, चाखले आणि प्रामाणिकपणे म्हणाली, "छान झालंय, काका. पण काकूंचं मऊ असायचं." आम्हीही तेच म्हणणार होतो.

बिया धुऊन, वाळवून, राखेत घोळून डबीत भरल्या आहेत. पुढल्या मृगात त्या लावू, आणि या खेपेस फुलांकडेही पाहू. पहिला घाव पुरुषाने घालावा की स्त्रीने, हा वाद ज्याचा त्याने आपल्या घरी मिटवावा. आमच्या समवयस्क वाचकांना आमची विनंती एवढीच: सुरा परत देणारा हात अजून रिकामा नसेल, आणि तो घेणारी अजून समोर असेल, तर या वर्षी दुसरा घावही आपणच घालून पाहावा.