शंभर घोडे

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाचा घोड्यांशी संबंध येत नाही. आमच्या काउंटरवर कर्जाच्या अर्जातून म्हशी येतात, शेळ्या येतात, पावसाळ्याच्या तोंडावर बैलजोड्या येतात. घोडा मात्र आजवर एकही आलेला नाही. म्हणून एका रविवारी सकाळी आमच्या मेहुण्यानं चहाची बशी खाली ठेवून, "भाऊजी, मले शंभर घोडे पायजेत," असं जाहीर केलं, तेव्हा मी आधी सौ.च्या तोंडाकडे पाहिलं. माहेरी असलं काही आहे का, हे लग्नाच्या वेळी विचारायचं राहूनच गेलं होतं.

खुलासा झाला तो असा. मेहुण्याजवळ एक पिकअप आहे. एम.एच. ३५, रंग मूळचा पांढरा. गोंदिया जिल्ह्यात धान आहे, धान आहे म्हणून राइस मिल आहेत आणि मधल्या अंतरात आमचा मेहुणा आहे. त्याच्या गाडीच्या कागदावर ७५ अश्वशक्ती लिहिलेली. त्यानं मोबाइलवर अमेरिकेतली एक पिकअप पाहिली. रॅम टीआरएक्स तिचं नाव, ६.२ लिटरचं इंजिन, त्यावर सुपरचार्जर आणि अश्वशक्ती ७०२! हे पाहिल्यापासून त्याला स्वतःची गाडी गाढवासारखी वाटू लागली होती.

"सातशे नाई म्हणत मी," तो समजूतदारपणे म्हणाला. "शंभर पुरेत. रायपूरले एक जण सुपरचार्जर बसवून देतो म्हणते."

त्या गाडीच्या कर्जाला अस्मादिक जामीनदार आहेत, हे सांगायला हवं. कर्ज दुसऱ्या बँकेचं, पण जामीन माझा. दर महिन्याच्या सात तारखेला हप्ता असतो, आणि सहा तारखेला रात्री मेहुण्याआधी माझी झोप उडते.

आता अश्वशक्ती म्हणजे काय, हे मी वाणिज्य शाखेचा असूनही वाचून काढलं. जेम्स वॉट या गृहस्थाला आपली वाफेची इंजिनं विकायची होती आणि गिऱ्हाइकाकडे होते घोडे. तेव्हा आमचं यंत्र तुमच्या किती घोड्यांचं काम करील, हे सांगण्यासाठी त्यानं हे माप काढलं. मेट्रिक हिशेबात ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचललं की झाला एक घोडा. म्हणजे आमच्याकडचे ४० किलोचे दोन कट्टे, वजा ५ किलो. ही वजाबाकी काट्यावर आपोआप होते, असं शेतकरी सांगतात.

मेहुण्याला घेऊन मी आमगाव रोडवरच्या मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्री साठीचा, कमी बोलणारा. बोलला की खर्च होतो, हे त्यालाही ठाऊक असावं. त्यानं मेहुण्याचं सगळं ऐकून घेतलं, बॉनेट उघडलं आणि बोटानं एक गोगलगाईसारखा लोखंडी डबा दाखवला.

"हे का आहे?"

"माहीत नाई."

"टर्बो आहे. कंपनीनंच बसवलेला. चार वर्षांपासून तुमी त्याच्यावर बसून फिरून राहिले, साहेब."

साहेब मला उद्देशून होतं. मेहुणा ओशाळला, पण मागे हटला नाही. मग मिस्त्रीनं जे सांगितलं ते मला इतकं पटलं, की हा माणूस लेखा विभागात हवा होता असं वाटून गेलं. टर्बो फिरतो सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर. सुपरचार्जर फिरतो इंजिनाच्याच पट्ट्यावर. म्हणजे तो आधी इंजिनाकडून काही घोडे उसने घेतो आणि मग जास्त परत करतो. आमच्याकडे याला ओव्हरड्राफ्ट म्हणतात. परतफेड होईपर्यंत सगळेच खूश असतात.

"बरं, बसवला," मिस्त्री म्हणाला. "मंग?"

"मंग शंभर घोडे," मेहुणा म्हणाला.

"कायचे शंभर? हवा वाढली तर डिझेल वाढवा लागते. पंप, नोजल. ते वाढलं का आग वाढते."

इथून जी यादी सुरू झाली ती मी खिशातल्या जुन्या स्लिपेच्या पाठीवर उतरवून घेतली. पंचाहत्तराचे शंभर म्हणजे एक तृतीयांश वाढ, तेव्हा हवा आणि डिझेलही त्याच मानानं जास्त जाळायचं. पण डिझेल इंजिनात जळलेल्या शंभर रुपयांतले साधारण पस्तीस रुपये चाकाकडे जातात, बाकीचे धुरातून आणि पाण्यातून उष्णता होऊन उडतात. (हे ऐकल्यापासून मी आमच्या घरखर्चाकडे जरा क्षमाशील नजरेनं पाहू लागलो आहे.) ती वाढीव उष्णता झेलायला रेडिएटर मोठा हवा, दाबलेली हवा थंड करायला इंटरकूलर हवा, नाहीतर हेडचं गॅस्केट जातं. जोर वाढला की क्लच प्लेट घसरते. क्लच मजबूत केला तर तो जोर पुढे गिअरला, शाफ्टला आणि मागच्या क्राउनला जातो, आणि त्या साखळीत जो सगळ्यात गरीब असेल तो मोडतो. बँकेतही असंच आहे, पण ते असो.

स्लिपेच्या तळाशी बेरीज मारली. ती कर्जाच्या उरलेल्या रकमेपेक्षा जास्त भरली.

"आणि ब्रेक?" मिस्त्रीनं विचारलं. "तो तर मी अजून धरलाच नाई."

त्याच्या म्हणण्याप्रमाणे, पळायचं ठरवायच्या आधी गाडी थांबते का ते पाहावं. कट्टे भरून दरेकशाकडच्या चढावर एक चक्कर मारून या, मग सांगतो. जामीनदार म्हणून मी केबिनमध्ये बसलो. गाडीच्या कागदावर वजन दीड टन, म्हणजे ४० किलोचे ३७ कट्टे. मेहुण्यानं भरले ६०. मी गुणाकार केला, २४०० किलो. "असंच भराचं असते जी," तो म्हणाला. "३७ नं हप्ता निघत नाई." या वाक्यावर बँकेच्या माणसाजवळ उत्तर नसतं.

सालेकसा सोडल्यावर चढ लागला. गाडी दुसऱ्या गिअरवर आली, मग पहिल्यावर, आणि शेजारून एक म्हातारी डोक्यावर मोळी घेऊन आम्हाला मागे टाकून गेली. तिनं वळून पाहिलं नाही, हा तिचा चांगुलपणा. मेहुणा माझ्याकडे बघून म्हणाला, "पाह्यलं ना? दमच नाई." मला पटलं. त्या क्षणी मी शंभर घोड्यांच्या बाजूचा होतो.

परतताना उतारावर मत बदललं. आधी जळका वास आला. मला वाटलं, मेहुण्याची बिडी. मग तो गप्प झाला, जे तो कधी होत नाही. पाय पेडलवर पूर्ण खाली होता आणि गाडी मात्र आपल्या मर्जीनं निघाली होती. त्यानं खाडकन गिअर खाली घेतला, इंजिन किंचाळलं, हँडब्रेक ओढला आणि रस्त्याकडेच्या मुरमाच्या ढिगात गाडी घातली. ढिगापलीकडे चार हातांवर एक पोरगा सायकलला हवा भरत होता. तो अजूनही माझ्या डोळ्यांसमोर येतो. आम्ही दोघं किती वेळ बसून होतो, सांगता येत नाही. माझ्या मांडीवर मेहुण्याचा जेवणाचा डबा होता आणि तो मी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, जणू त्यालाच वाचवायचं होतं.

घरी हे सांगितलं फक्त सासऱ्यांना. ते एकेकाळचे शंकरपटाचे धुरकरी. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं पट बंद केले तेव्हा त्यांनी आठ दिवस दाढी केली नव्हती, आणि डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली तेव्हा पेढे वाटले होते. म्हातारबुवांनी शांतपणे तंबाखू मळली.

"जोडी पळवाले कोणीबी पळवते," ते मुलाला म्हणाले. "कासरा कोणाच्या हातात होता?"

मेहुणा खाली पाहत राहिला. मीही तेवढ्यात माझ्या शास्त्राचा आधार घेतला. वेग ४० वरून ६० झाला तर ब्रेकला जिरवायची ऊर्जा दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते. चक्रवाढ व्याजासारखंच वागतं ते. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीनं नमूद केलेल्या तपशिलात मालकानं बदल करायचा नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने कैद, किंवा दोन्ही. मी स्लिपेवरचे बदल मोजून दंडाचीही बेरीज दाखवली. मेहुण्यानं कैदेबद्दल विचारलं, जामीनदारालाही होते का? कायद्यात मला तसं कुठं आढळलं नाही, पण सौ.नं ज्या नजरेनं पाहिलं त्यावरून शाश्वती वाटेना.

शेवटी रायपूरसाठी ठेवलेले पैसे मिस्त्रीकडे गेले. पुढचे ब्रेक पॅड, मागचे लायनर, सगळे पाइप, नवं ब्रेक ऑइल, क्लच प्लेट, मागचे दोन टायर. मिस्त्रीनं रेडिएटर काढून धुतला. मग एअर फिल्टर उघडला आणि आम्हा दोघांना हाक मारली. आत धानाचा कोंडा आणि धूळ ठासून भरलेली, चार वर्षांची. टर्बोकडून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइपही चिरलेला, अर्धी हवा बाहेरच सुटत होती.

"हे पाहा तुमचे घोडे," मिस्त्री म्हणाला. "कोंड्यात अडकून होते."

३७ कट्टे भरून पुन्हा दरेकशाला गेलो. जिथं पहिला गिअर लागत होता तो चढ गाडी तिसऱ्यावर चढून गेली. म्हातारी या वेळी दिसली नाही, याचं मला फार वाईट वाटलं. उतारावर मी डबा मांडीवर घेतला नाही, सीटवर ठेवला. हप्त्यासाठी मेहुणा आता रोज एक फेरी जास्त मारतो. पहाटे चारला निघतो, डिझेल जास्त लागतं म्हणून कुरकुरतो, आणि सहा तारखेला माझी झोप पूर्वीइतकीच उडते.

एक गोष्ट मात्र आधीच होऊन बसली होती. रायपूरच्या आशेवर त्यानं मागच्या फळीवर शंभर घोडे काढायला पेंटरला इसार दिला होता. पेंटरनं सात काढले आणि पुढे धूळ रंगवली. बाकीचे कुठे म्हणून विचारलं तर म्हणाला, धुळीत आहेत. धुळीचे पैसे वेगळे घेतले.

परवा रविवारी मेहुणा पुन्हा आला. चहा घेतला, बशी खाली ठेवली.

"भाऊजी, कागदावरचे पंच्याहत्तर तर सापडले. आता पंचवीसच कमी आहेत."

सौ.नं कपबशा उचलल्या आणि आत जाता जाता मला म्हणाली, "ते जामिनाचे कागद कुठे ठेवलेत, मला एकदा दाखवून ठेवा."